सृष्टि आणि सृष्टिकर्ता

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दोडामार्ग येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहावें, वाडवडिलांची आठवण करावी आणि देवाचे उपकार मानावे, हा आपला रिवाज आहे. हें काम माझ्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. त्यांनीं तुम्हांस पन्नास वर्षें मागें नेलें. मी तुम्हांस त्याहून पुष्कळ मागें, अगदीं आरंभापर्यंत, नेणार आहें. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर सृष्टीच्या उत्पत्तीचें जें वर्णन आहे, त्याचा अर्थ काय, आणि त्यावरून देवाचें स्वरूप आपणांस कसें कळतें, हा माझा विषय. विषय मोठा आहे व वेळ थोडा आहे. परंतु हा विषय मीं आपल्या आवडीनें निवडलेला नाहीं. तो एका मुलीनें मला दिला.

गेल्या पावसाळ्यांत धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर नववींतली एक मुलगी मागें राहिली. ती म्हणाली, “फादर, शाळेंत बाई सांगतात कीं पृथ्वीला साडेचारशें कोटी वर्षें झालीं. पवित्र शास्त्रांत तर सगळें सहा दिवसांत झालें असें आहे. मग परीक्षेंत एक लिहायचें आणि चर्चमध्यें दुसरें म्हणायचें, असें करायचें का?”

तिच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता. भीति होती. आपण शिकलों तर आपली श्रद्धा जाईल, आणि श्रद्धा ठेवली तर आपण अडाणी ठरूं, ही ती भीति. बंधुभगिनींनो, ही भीति तिची एकटीची नाहीं. तुमच्या घरांतून पणजीस, म्हापशास, मुंबईस शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनांत ती केव्हां ना केव्हां उभी राहते.

आणि येथें मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असतां, दुसऱ्या एका धर्मग्रामांत एका मुलानें मला विचारलें कीं सृष्टि निर्माण करण्यापूर्वीं देव काय करीत होता? मीं हंसून उत्तर दिलें कीं असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठीं तो नरक तयार करीत होता. सगळा वर्ग हंसला. तो मुलगा हंसला नाहीं. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं, आणि त्यानंतर कधींच आला नाहीं.

ह्यांत अधिक लाजिरवाणी गोष्ट ही कीं तो विनोद माझा नव्हता. संत आगुस्तिन ह्यांच्या आत्मनिवेदनाच्या ग्रंथांत तो मीं सेमिनरींत वाचला होता. संत आगुस्तिन (३५४–४३०) तेथें सांगतात कीं असें उत्तर कोणीं तरी दिल्याचें आपण ऐकलें आहे, परंतु आपण तें देणार नाहीं. खरा प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा करण्यापेक्षां आपणांस जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें म्हणणें बरें. मीं विनोद तेवढा लक्षांत ठेवला आणि शिकवण विसरलों. म्हणून आज ह्या मुलीला थट्टेनें उत्तर देणें मला शक्य नव्हतें. तिला जें सांगितलें तेंच तुम्हांसही सांगतों.

प्रथम, तें पान नीट वाचूं या. आपण बहुधा तें ऐकतों, वाचीत नाहीं. पहिल्या दिवशीं उजेड व अंधार वेगळे होतात. परंतु सूर्य निर्माण होतो तो चौथ्या दिवशीं. मग पहिले तीन दिवस, त्यांची सकाळ आणि संध्याकाळ, हीं कोणत्या सूर्याचीं? ही अडचण आजच्या नास्तिकांनीं शोधून काढलेली नाहीं. संत आगुस्तिन ह्यांनीं सोळाशें वर्षांपूर्वींच ती पाहिली आणि हे दिवस आपल्या नेहमींच्या दिवसांसारखे नव्हेत असें लिहून ठेवलें. दुसरें पहा. पहिल्या अध्यायांत झाडें, मग पशु, आणि शेवटीं मनुष्य असा क्रम आहे. दुसऱ्या अध्यायांत मनुष्य आधीं घडविला जातो. बाग मागून लावली जाते आणि पशु त्याहून मागून येतात. ज्यांनीं हीं दोन वर्णनें शेजारीं शेजारीं ठेवलीं ते कांहीं आंधळे नव्हते. क्रमांतला भेद त्यांस दिसत होता, आणि तरीही दोन्ही वर्णनें त्यांनीं जपलीं. म्हणजे क्रम सांगणें हा त्यांचा हेतु नव्हता.

मग हेतु कोणता? त्या सहा दिवसांची मांडणी पहा. पहिल्या तीन दिवसांत देव जागा करतो: उजेड आणि अंधार, वरचें पाणी आणि खालचें पाणी, समुद्र आणि जमीन. पुढच्या तीन दिवसांत तो त्या जागा त्याच क्रमानें भरतो: पहिल्या जागेंत सूर्य, चंद्र व तारे, दुसऱ्या जागेंत पक्षी व मासे, तिसऱ्या जागेंत पशु व मनुष्य. आधीं घर बांधून मग त्यांत बिऱ्हाड आणावें तसें हें आहे. ही घड्याळाची नोंद नव्हे. ही उपासनेंत म्हणावयाच्या स्तोत्राची घडण आहे, आणि तिचा शेवट सातव्या दिवसाच्या विसाव्यांत, म्हणजे उपासनेंतच होतो.

बहुतेक अभ्यासकांच्या मतें हा अध्याय आजच्या रूपांत आला तो यहुदी लोकांच्या बाबिलोनच्या बंदिवासाच्या सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वींच्या सहाव्या शतकांत. त्यांचें मंदिर जळालें होतें, राजा कैदेंत होता, आणि जिंकणाऱ्यांचे देव सूर्य, चंद्र आणि तारे हे होते. बाबिलोनची सृष्टिकथाही आज आपणांस ठाऊक आहे. तिच्या मातीच्या पाट्या निनवे येथें एकोणिसाव्या शतकांत सांपडल्या. तींत देवांचें आपसांत युद्ध होतें. हरलेल्या देवतेच्या शरीराचें आकाश व पृथ्वी बनते. आणि देवांची चाकरी करण्यासाठीं एका मारलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस निर्माण होतो. आतां आपलें पान त्याच्या शेजारीं ठेवून वाचा. युद्ध नाहीं, रक्त नाहीं. देव बोलतो आणि तें होतें. सूर्य आणि चंद्र ह्यांचीं नांवेंसुद्धां तेथें घेतलेलीं नाहींत. एक मोठा दिवा आणि एक लहान दिवा, एवढेंच म्हटलें आहे. आणि मनुष्य हा गुलाम नव्हे. तो देवाची प्रतिमा आहे. त्या काळीं प्रतिमा म्हणजे राजा. येथें तो मान नर आणि नारी दोघांस, सर्वांस, दिला आहे. साखळदंडांत बसलेल्या लोकांनीं हें म्हटलें, हें ध्यानांत आणा. म्हणजे पृथ्वीचें वय किती हा त्यांचा प्रश्न नव्हता, हें कळेल. आपण कोणाचे आहों, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच प्रश्न चारशें वर्षांपूर्वीं आपल्या शेजारीं, आपल्याच भाषेंत, विचारला गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघी इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं सासष्टींतील रायतूर येथें छापून निघालें. देवनागरी खिळे नव्हते म्हणून तें रोमन लिपींत छापावें लागलें; परंतु भाषा मराठी, कोंकणीचा स्पर्श झालेली, आणि छंद ओवीचा. सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीं एक ब्राह्मण पाद्रीजवळ विनंति करतो कीं आमचीं जुनीं पुराणें तर गेलीं, आतां वाचावयास व ऐकावयास आम्हांस कांहीं तरी द्यावें. त्या विनंतींतलें दुःख आपण विसरूं नये. ज्या लोकांजवळ सृष्टीची जुनी कथा उरली नव्हती, त्यांस नवी कथा त्यांच्याच बोलींत सांगणें हें त्या ग्रंथाचें काम होतें.

त्यासाठीं शब्द कोठून आणावे? फादर स्टीफन्स ह्यांनीं परके शब्द लादले नाहींत. देवास त्यांनीं परमेश्वर म्हटलें, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, ग्रंथास पुराण म्हटलें. आणि पहिल्याच वंदनांत पित्यास त्यांनीं सर्व विश्व भरून राहिलेला असें संबोधिलें. हें संबोधन मला फार महत्त्वाचें वाटतें. ग्रंथाच्या आरंभीं ज्या देवास वंदन केलें आहे तो फार वर्षांपूर्वीं जग करून दूर निघून गेलेला कारागीर नव्हे. तो भरून राहिलेला आहे. हें पुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. परंतु त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उरलेली नाहीं. लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांतून तें वांचलें, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापलें गेलें. सामान्य घरांतून तें तीनशें वर्षें कां जपलें गेलें ह्याचें उत्तर कदाचित् त्या पहिल्या वंदनांतच आहे.

परंतु भरून राहिलेला म्हणतांना एक भेद सांभाळला पाहिजे. जग कसें झालें ह्याविषयीं दोन दृष्टांत आपल्या परिचयाचे आहेत. पहिला कुंभाराचा: माती आधींच होती, देवानें तिला आकार दिला. दुसरा कोळ्याचा, जो उपनिषदांत आहे: कोळी जसा आपल्यांतूनच धागा काढतो, तसें जग देवांतून निघालें. दुसऱ्या दृष्टांतामागें थोर चिंतन आहे, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या त्या चिंतनाविषयीं मी आदरानेंच बोलतों. परंतु ख्रिस्तमंडळीची शिकवण ह्या दोहोंहून निराळी आहे. देवापाशीं आधींची माती नव्हती. कारण तसें असतें तर त्याच्या बरोबरीचें दुसरें कांहीं अनादि आहे असें झालें असतें. आणि जग हा देवाचा तुकडाही नव्हे. कारण तसें असतें तर आपलें पाप आणि आपलें मरण हेंही देवाचेंच अंग ठरलें असतें. कांहींच नव्हतें, आणि त्यानें असूं दे म्हटलें. ज्या हिब्रू क्रियापदानें तें पान सुरू होतें, तें पवित्र शास्त्रांत फक्त देवाच्याच कृतीविषयीं योजिलेलें आहे. कुंभार, सुतार किंवा राजा ह्यांच्याविषयीं नाहीं.

तरी पहिल्या पानावर अंधार आणि अथांग पाणी ह्यांचा उल्लेख आहे, आणि तें पाणी आधींच होतें काय, असें कोणी विचारील. ह्या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर पवित्र शास्त्रांत मिळतें तें एका आईच्या तोंडून. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत अंतियोख राजा एका घरांतल्या सात भावांस, त्यांनीं धर्म सोडावा म्हणून, हाल हाल करून मारतो. सहा गेले आहेत. सातवा, सगळ्यांत धाकटा, उरला आहे. राजा आईस म्हणतो, त्याची समजूत घाल. ती माउली आपल्या भाषेंत मुलाच्या कानीं लागते आणि सांगते कीं आकाश आणि पृथ्वी ह्यांच्याकडे पहा, देवानें हीं आधीं असलेल्या वस्तूंपासून केलेलीं नाहींत. तेव्हां भिऊं नको, भावांच्या मागें जा, म्हणजे तुम्ही सगळे मला पुन्हां मिळाल.

हें स्थळ मी जेव्हां जेव्हां वाचतों तेव्हां थांबतों. शून्यांतून सृष्टि, हा सिद्धान्त १२१५ सालच्या लातेरान येथील चौथ्या धर्मपरिषदेनें श्रद्धेचा भाग म्हणून घोषित केला, आणि तो आम्ही सेमिनरींत पाठ केला. परंतु तो प्रथम स्पष्टपणें उच्चारला तो विद्यापीठांत नव्हे. तो उच्चारला एका आईनें, सहा मुलांच्या प्रेतांजवळ. ज्यानें कांहींच नसतां सर्व दिलें, त्याला गेलेलें परत देणें अवघड नाहीं, असा तिचा युक्तिवाद आहे. ह्या अंगणापलीकडच्या दफनभूमींत ज्यांचीं मुलें निजलीं आहेत त्यांस हा युक्तिवाद मला समजावून सांगावा लागत नाहीं.

आतां त्या मुलीच्या कोट्यवधि वर्षांकडे येऊं. आमच्या दोडामार्गांत सुतार घर बांधतो आणि निघून जातो. सुतार मेला तरी घर उभें राहतें. पुष्कळ लोक देवास असा सुतार समजतात, आणि मग घर सहा दिवसांत बांधलें कीं अब्जावधि वर्षांत, ह्यावर भांडतात. संत थॉमस अक्वायनस ह्यांची शिकवण अशी कीं सृष्टि ही केवळ पूर्वीं घडलेली घटना नव्हे. ती प्रत्येक वस्तूचें देवावर असलेलें अवलंबन आहे. सुताराचा दृष्टांत सोडा आणि गाणाराचा घ्या. गाणारा थांबला कीं गाणें उरत नाहीं. गाणें किती लांब चाललें ह्यानें गाणाराची गरज कमी होत नाहीं. गाणें जितकें लांब, तितका वेळ तो गातच आहे. पृथ्वीचें वय साडेचारशें कोटी वर्षें असो, विश्वाचें सुमारें तेराशें ऐंशी कोटी वर्षें असो, ह्या क्षणीं आपण आहों तें देव आपणांस देत आहे म्हणून आहों.

आणि हीं विश्वाचीं वर्षें मोजण्याचा मार्ग ज्यांनीं उघडला त्यांत एक कॅथलिक धर्मगुरु होते. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र ह्यांनीं १९२७ सालीं विश्व प्रसरण पावत आहे असें गणितानें दाखविलें, आणि १९३१ सालीं एका अतिसूक्ष्म आरंभाची कल्पना मांडली. १९५१ सालीं परमगुरु बारावे पायस ह्यांनीं त्या विचारांत सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली, तेव्हां अस्वस्थ झाले ते स्वतः फादर लमेत्र. विज्ञानाचें अनुमान उद्यां बदलूं शकेल. श्रद्धेचा पाया त्यावर रचूं नये, असें त्यांचें मत होतें. त्याच परमगुरूंनीं १९५० सालच्या विश्वपत्रांत मनुष्यदेहाच्या उत्क्रांतीविषयीं अभ्यासकांस विचार करण्याची मोकळीक ठेविली होती. आत्मा मात्र देव स्वतः निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेविली. तेव्हां मुलांस विज्ञान शिकूं द्या. आणि संत आगुस्तिन ह्यांचा इशारा विसरूं नका: आकाशांतल्या गोष्टींविषयीं जाणत्या माणसासमोर ख्रिस्ती मनुष्य चुकीचें बोलूं लागला, तर त्या लाजेंत पवित्र शास्त्रही हास्यास्पद होतें.

आतां दुसरा प्रश्न. तो एका शेतकऱ्यानें मला विचारला. २००२ सालीं कर्नाटकाच्या रानांतून हत्ती आपल्या तालुक्यांत उतरले, आणि तेव्हांपासून हें दुखणें आपल्या मागें आहे. त्यांनीं एका रात्रींत त्याची पोफळीची बाग आडवी केली. सकाळीं मी गेलों तेव्हां तो मोडलेल्या झाडांमध्यें बसला होता. तो म्हणाला, “फादर, देवान सगळां बरां केल्यान म्हणतास. मगे ह्यो हत्ती कोणी केल्यान?”

ह्या प्रश्नास सोपें उत्तर नाहीं, आणि त्या सकाळीं मीं दिलें नाहीं. त्याच्याबरोबर झाडें उचलूं लागलों. परंतु आज सांगतों. ईयोबानें असाच प्रश्न केला, तेव्हां देवानें त्याला कारणें सांगितलीं नाहींत. रानांतले पशु दाखविले. रानगाढव, ससाणा, नदींत पडून राहणारा तो अवाढव्य प्राणी, ज्यांचा मनुष्यास काडीचा उपयोग नाहीं. सृष्टि चांगली आहे म्हणजे ती आपल्या सोईची आहे असें नव्हे. सृष्टि चांगली आहे, कारण तिच्या अस्तित्वांत देवास आनंद आहे. हत्तीस आणि माणसास त्यानें एकाच सहाव्या दिवशीं निर्माण केलें; आपणांस वेगळा दिवससुद्धां दिला नाहीं. मग आपला मान कोणता? आपणांवर जबाबदारी ठेविली, हा. पहिल्या अध्यायांत पृथ्वीवर सत्ता चालवावी असें सांगितलें आहे; दुसऱ्या अध्यायांत बागेची मशागत करावी व तिची राखण करावी असें सांगितलें आहे. परमगुरु फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या पर्यावरणविषयक विश्वपत्रांत शिकविलें कीं पहिलें वचन दुसऱ्यावांचून वाचणें चुकीचें आहे. सत्ता म्हणजे राखण.

तिळारीच्या खोऱ्यांतलें रान २०२० सालीं शासनानें संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलें. त्या रानाची राखण करणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे, आणि ज्याची बाग गेली त्याचा भार सर्वांनीं मिळून उचलणें हेंही तितकेंच कर्तव्य आहे. एकावांचून दुसरें सांगणारा उपदेशक खोटा. ज्यांची बाग उभी आहे त्यांनीं शेजाऱ्याच्या मोडलेल्या बागेंत एक दिवस काम केलें, तर त्या शेतकऱ्यास देव चांगला आहे हें माझ्या व्याख्यानापेक्षां लवकर कळेल.

शेवटीं महोत्सवाविषयीं एक शब्द. पन्नासाव्या वर्षाचा उत्सव ही कल्पना लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांतली आहे. सात वेळां सात वर्षें मोजावीं, आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. जमिनीस विसांवा द्यावा, विकलेली जमीन मूळ घरास परत करावी, बांधलेल्या माणसास मोकळें करावें. कारण जमीन देवाची आहे आणि आपण तिच्यावर पाहुणे आहों. सृष्टीच्या कथेंतला सातवा दिवस आणि आपला हा महोत्सव एकाच मुळापासून आले आहेत. जें आपलें म्हणतों तें दिलेलें आहे, हें आठवण्यासाठीं थांबणें, ह्याचें नांव महोत्सव.

त्या मुलीस मीं काय सांगितलें? सांगितलें कीं परीक्षेंत बाईंनीं शिकविलें तेंच लिही, कारण सत्य दोन नसतात. चर्चमध्यें जेव्हां सृष्टिकर्त्यावर श्रद्धा ठेवतें असें म्हणशील, तेव्हां पृथ्वीचें वय सांगत आहेस असें समजूं नको; तूं कोणाची आहेस तें सांगत आहेस. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनें पुढचा प्रश्न विचारला. तो अधिक कठीण होता, आणि मला मान्य करावें लागलें कीं ह्याचें उत्तर मजजवळ नाहीं, शोधून पाहूं. पुढच्या रविवारीं ती आली.

आईबापांनो, तुमच्या मुलांचे प्रश्न हंसून टाळूं नका. जो मुलगा माझ्या हंसण्यानें गेला तो आतां चाळिशीकडे झुकला असेल. तो कोठें आहे मला ठाऊक नाहीं. परंतु सर्व विश्व भरून राहिलेल्या पित्यास तें ठाऊक आहे, आणि रोज सकाळीं मिस्सेंत मी त्याचें नांव त्या पित्यापुढें ठेवतों. ह्या महोत्सवाच्या दिवशीं तुम्हीही त्याच्यासाठीं एक प्रार्थना म्हणा.

परमेश्वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तुम्हां सर्वांस, तुमच्या मुलाबाळांस, तुमच्या बागांस आणि ह्या रानांतल्या सर्व प्राण्यांस आशीर्वाद देवो. आमेन.